पालक हयात आहेत

कार्तिक चौक, उज्जैन
रविवार, १४ जुलै १९५७

तीर्थरूप भाऊ,

जयूचा नमस्कार. इतक्या दिवसांनी माझं अक्षर बघून दचकू नका. घरी सगळे बरे आहेत, कुणाला काही झालेलं नाही.

मी इंटर सायन्स पहिल्या वर्गात पास झाले. मुलींमध्ये पहिली आले. पेपरात नंबर आला त्या दिवशी विष्णूमामानं पेढे आणले होते. तुम्हीही वाचलं असेल असं मी धरून चालले. मग माझी मैत्रीण मीना म्हणाली, अगं, भुसावळला आपल्याकडचा पेपर कुठून जाणार?

बी.एस्सी.ला नाव घातलं आहे. पहिल्या सत्राची फी मामानं भरली. पुढची त्याच्याच्यानं होणार नाही, त्याचीही तीन मुलं आहेत. सरकारी शिष्यवृत्ती आहे, तिच्या अटी कॉलेजच्या फळ्यावर लागल्या आहेत. इंटरला साठ टक्के हवेत, ते माझे आहेत. विद्यार्थी याच राज्याचा रहिवासी हवा. पालकाचं उत्पन्न ठरलेल्या मर्यादेच्या आत हवं. वर्षभर हजेरी पंचाहत्तर टक्के हवी आणि वार्षिक परीक्षेत पहिला वर्ग टिकवायला हवा. शेवटच्या दोन गोष्टी माझ्या हातात आहेत. उत्पन्नाचा दाखला वडिलांचा लागतो, तो तुमच्या हातात आहे.

तुमच्या स्टेशनच्या कचेरीतून तेवढा दाखला घेऊन पाठवावा. दुसरं काही मागत नाही. आई आता फ्रीगंजच्या बालमंदिरात शिकवते, हे तुम्हाला माहीत नसेल. तिला मी हे पत्र लिहिते आहे हे सांगितलेलं नाही.

पोस्टात काल तिकिटावरून भांडण चाललं होतं. नवे पैसे किती आणि जुने आणे किती, कुणालाच धड हिशेब येत नाही. तुम्ही उत्तर लिहाल तेव्हा तिकीट बघून लावा, नाहीतर इथे दंड पडतो.

तुमची,
जयू

·

रविवार, ११ ऑगस्ट १९५७

तीर्थरूप भाऊ,

तुमचं उत्तर नाही. पत्र पोचलं नसेल असं समजून पुन्हा लिहिते.

शिष्यवृत्तीची कचेरी फ्रीगंजमध्ये, एका लोहसामानाच्या दुकानावर आहे. तिथे सक्सेना म्हणून बडे बाबू आहेत. मनुष्य वाईट नाही. दर वेळी खुर्ची देतात, पाणी विचारतात आणि अर्ज परत करतात. परवा त्यांनी पालकाचा पत्ता वाचला आणि चष्मा काढून ठेवला.

"बेटी, पिताजी तो बंबई राज्य में हैं. तो आप यहाँ की कैसे हुईं?"

मी म्हटलं, माझा जन्म इथला. माझे आजोबा महाराजांच्या पागेच्या दफ्तरात होते, आमचं पागनीस आडनावच त्या नोकरीतून आलेलं आहे. मी जन्मले तेव्हा हे ग्वाल्हेर संस्थान होतं. शाळेत होते तेव्हा मध्य भारत झालं. गेल्या नोव्हेंबरात मध्य प्रदेश झालं. मी कार्तिक चौकातून हलले नाही, बाबूजी, राज्यंच हलत राहिली.

ते हसले. म्हणाले, आमच्या निम्म्या फायली अजून ग्वाल्हेरला आहेत, निम्म्या भोपाळच्या रस्त्यावर आहेत, आम्हाला तरी कुठे कळतंय आम्ही कुणाचे. पण नियम तो नियम. लहान मुलाचा रहिवास बापाच्या रहिवासावर ठरतो. आता बंबई राज्याकडे मागावं तर तिथे मी शिकत नाही. म्हणजे इकडची नाही आणि तिकडचीही नाही.

आईचं नाव पालक म्हणून लिहू का, असं मी विचारलं. त्यांनी आवाज खाली आणला. "पिताजी हैं ना?" मी हो म्हटलं. "तो फिर माँ पालक नहीं हो सकतीं." मग थोडं थांबून म्हणाले, "लिख दो कि नहीं रहे. इतनी दूर कौन देखने जाता है?"

त्यांनी ते माझ्या भल्यासाठीच सांगितलं. मी अर्ज घेऊन जिना उतरले. घरी आले तेव्हा आई आरशासमोर कुंकू लावत होती, संध्याकाळी शेजारी हळदीकुंकू होतं. मी अर्ज वहीखाली सरकवला.

पहिलीपासूनचे शाळेचे दाखले गोळा करते आहे. दहा वर्षं याच शहरात शिकले हे दाखवलं तर रहिवास मानतात म्हणे. प्रत्येक दाखल्यासाठी एक दिवस मोडतो आणि कचेऱ्या नेमक्या कॉलेजच्या वेळातच उघड्या असतात.

दाखला पाठवाच.

तुमची,
जयू

·

रविवार, २२ सप्टेंबर १९५७

तीर्थरूप भाऊ,

तुमचा दाखला मिळाला. वर कचेरीचा शिक्का, सोबत तुमच्या हातची एक ओळ, "मागितल्याप्रमाणे पाठविले आहे." माझ्या निकालाबद्दल त्यात काही नव्हतं. असो.

रहिवासाचं काम झालं होतं. कन्याशाळेच्या बाईंनी जुनी रजिस्टरं स्वतः शोधून मला पहिलीपासूनचा दाखला लिहून दिला. मी फार आनंदात होते. तुमचा दाखला आला त्याच दिवशी धावत फ्रीगंजला गेले.

सक्सेनाबाबूंनी तो दोनदा वाचला. म्हणाले, "ये तो सीमा से ऊपर है."

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी नियमाच्या कागदावर बोट ठेवून दाखवलं. रेल्वेतली मालबाबूची नोकरी, भत्ते, सगळं धरून तुमचा पगार मर्यादेच्या वर जातो. तेव्हा मी चांगल्या खात्यापित्या घरची मुलगी आहे आणि शिष्यवृत्ती माझ्यापेक्षा गरीब मुलीला मिळायला हवी. नियम चुकीचा आहे असंही मला म्हणता येईना. खरोखरच गरीब मुलींसाठीच आहे ती.

भाऊ, तुम्हाला बढती मिळाली हे मला त्या दाखल्यावरून कळलं.

घरात तुमच्याकडून काही येत नाही, हे मी सक्सेनाबाबूंना सांगितलं. टेबलाशी आणखी दोन मुलं उभी होती, माझ्या वर्गातली. बाबू म्हणाले, तसं असेल तर पिताजींकडून लिहून आणा. एवढंच, की कुटुंब वेगळं राहतं आणि मी त्यांना खर्च देत नाही. नाहीतर आईनं कोर्टात शपथेवर हलफनामा करावा.

आईला हे विचारायची माझी हिंमत नाही. म्हणून तुम्हाला विचारते. एक ओळ लिहून पाठवा. खोटं काही लिहायचं नाही. जे आहे तेच लिहायचं आहे.

मी तुम्हाला दोष देत नाही. तुम्ही तिकडे कसे राहता, कुणाबरोबर राहता, हे मी या पत्रात विचारलेलं नाही आणि पुढेही विचारणार नाही. फक्त ओळ पाठवा. मुदत पंधरा नोव्हेंबरपर्यंत आहे.

जयू

·

रविवार, १३ ऑक्टोबर १९५७

तीर्थरूप भाऊ,

तुम्ही मला उत्तर न देता विष्णूमामाला लिहिलंत. मामानं पत्र मला वाचायला दिलं. असं काही हातचं लिहून देणार नाही, उद्या तेच कोर्टात माझ्याविरुद्ध लावाल, असं त्यात आहे. शिवाय जळगावचं एक स्थळ सुचवलं आहे. मुलगा पोस्टात आहे, बी.एस्सी.ची आवश्यकता नाही.

तुमच्याविरुद्ध कोर्टात जायचं असतं तर आई पहिल्याच वर्षी गेली असती. तुम्ही तिला इतकी वर्षं ओळखता.

शेवटी मला आईला सांगावंच लागलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. हलफनाम्याचा मसुदा मी कोर्टाबाहेरच्या अर्जनवीसाकडून लिहून आणला होता, तो तिनं हातात घेतला. तिला हिंदी माझ्याहून चांगलं येतं. वाचता वाचता 'परित्यक्ता' या शब्दाशी थांबली.

"ही कोण?" म्हणाली.

मी म्हटलं, "आई, तो नुसता कायद्याचा शब्द आहे."

"मी टाकलेली बाई नाही, जयू. ते गेलेत. टाकायला मी काय जुनी वस्तू आहे? मी माझ्या घरात आहे, माझ्या पायावर आहे. गेले ते. या दोन्हीत फरक आहे आणि तो मी कोर्टात पुसून देणार नाही."

मी रागावले. फार बोलले. तुझ्या शब्दापायी माझं शिक्षण जाणार, असं म्हणाले. तुम्ही माझ्या ओळीवर अडून बसलात, ती तिच्या शब्दावर अडून बसली आणि मधे मी. त्या दिवसापासून ती माझ्याशी जेवायला वाढण्यापुरतं बोलते.

मामा म्हणतो, सायन्स सोड, मास्तरणीच्या ट्रेनिंगला जा, तिथे विद्यावेतन मिळतं आणि बापाचा पगार कुणी विचारत नाही. मामाचं चुकत नाही. पण प्रयोगशाळेत माझ्या हातून पहिल्यांदा नळीत निळा अवक्षेप पडला तेव्हा मला जे वाटलं, ते मी मामाला कसं सांगू? तुम्हालाही सांगता येत नाही, पण निदान लिहून टाकलं.

आणखी एक. माझी हजेरी कमी पडली आहे. मी कचेरीच्या चकरा मारत असताना मीनानं एकदा माझ्या नावाला "यस सर" म्हटलं. सरांनी मान वर न करता विचारलं, "पागनीस, आज आवाज बसला आहे का?" सगळा वर्ग हसला. मीनाला उभं केलं. दुसऱ्या दिवशी सरांनी मला बोलावून सांगितलं, शिष्यवृत्तीच्या धावपळीत शिष्यवृत्तीची हजेरी घालवू नका. मी जाऊन प्रयोगशाळेच्या मागे रडले.

या खेपेला दिवाळीला काय करायचं, असं मामानं विचारलं. आई म्हणाली, नेहमीचंच.

जयू

·

रविवार, १७ नोव्हेंबर १९५७

भाऊ,

तुम्ही गेल्यावर काय झालं ते तुम्हाला कळायला हवं, म्हणून लिहिते.

तुम्ही उज्जैनला आलात आणि घरी न येता मला रामघाटावर बोलावलंत. चौकातल्या लोकांनी बघू नये म्हणून. मी प्रॅक्टिकल सोडून आले. मला वाटलं होतं, तुम्ही ओळ लिहून आणली असेल. तुम्ही माझ्यासाठी शेव आणि एक शाईचं पेन आणलं होतं. तुम्ही वाळला आहात, असं मला दिसलं.

आपण पायरीवर बसलो होतो. तेवढ्यात तो पंडा आला आणि विचारू लागला, "तर्पण करवाना है, बाबूजी? किसका है?" तुम्ही त्याला हाकललंत. मग हसलात आणि म्हणालात, "तसंच लिही ना, जयू. वडील वारले म्हणून लिही. तुझंही काम होईल, माझ्यामागचीही कटकट जाईल. माझी काही हरकत नाही."

मी म्हटलं, "ओळ लिहून द्यायला हरकत आहे आणि मरायला नाही?"

तुम्ही म्हणालात, "कागदावर मेल्यानं काय होतं?"

तुम्ही कदाचित हे गाडीत बसेपर्यंत विसरलाही असाल. मी देवास गेटपर्यंत चालत आले, तिथून घरापर्यंत चालत आले आणि मला दुसरं काही आठवेना.

हे आईला सांगायचं नाही असं ठरवलं होतं. पण पेन बघून तिनं विचारलं आणि मी एकेक करून सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. सूप खाली ठेवलं. मग एवढंच म्हणाली, "उद्या बालमंदिरात रजा सांगते."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं ठेवणीतलं लुगडं नेसलं, ठसठशीत कुंकू लावलं आणि आम्ही कोर्टात गेलो. तोच अर्जनवीस होता. त्यानं जुना मसुदा काढला. आई उभ्यानंच म्हणाली, "ये शब्द काटिए."

"माताजी, कानूनी लफ्ज़ है. इसके बिना नहीं चलेगा."

"चलेगा. मैं बोलती हूँ, आप लिखिए. पति जीवित हैं. भुसावल में नौकरी करते हैं. घर खर्चा नहीं देते. बेटी को मैं पढ़ाती हूँ और उसकी पालक मैं हूँ. बस, इतना."

"और वो क्यों नहीं देते? कारण?"

"कारण उनसे पूछिए. मेरे हलफनामे में मेरी बात रहेगी."

त्यानं तसंच लिहिलं. मॅजिस्ट्रेटांसमोर तिला शपथ घ्यायला लावली. त्यांनी वाचलं, मान वर करून तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, हे सर्व सत्य आहे ना? आई म्हणाली, "जी, पूरा." सही स्वच्छ आली. विजया गोपाळ पागनीस. तुमचं नाव तिनं गाळलं नाही.

तिथून थेट फ्रीगंजला. मुदतीचा शेवटचा दिवस होता, कचेरीत गर्दी होती. सक्सेनाबाबूंनी हलफनामा वाचला आणि म्हणाले, असा कागद मी आजपर्यंत पाहिलेला नाही, साहेब घेतील की परत पाठवतील हे सांगता येत नाही. पण आवक नोंदीचा शिक्का मारला. आई जिना उतरताना कठड्याला धरून उभी राहिली. मी म्हटलं, चक्कर येते का? म्हणाली, नाही गं, दमले.

त्या दिवशी मला तिची माफी मागायची होती. तिनं मागू दिली नाही. म्हणाली, घरी जाऊन अभ्यासाला बस.

पेन मी वापरत नाही. परत पाठवणंही बरं दिसत नाही. तुमच्या तिकडच्या घरी कुणी शाळेत जाणारं असेल तर सांगा, त्याच्यासाठी ठेवीन.

जयश्री

·

बुधवार, २२ जानेवारी १९५८

भाऊ,

हे पत्र विष्णूमामाच्या हाती देते आहे. तुमच्या सोबत्यानं केलेली तार परवा मिळाली. पोटाचं ऑपरेशन ठरलं आहे आणि तुम्ही जयूला पाठवा असं म्हणता आहात, हे कळलं. मामा उद्या निघेल आणि ऑपरेशन होईपर्यंत तिथेच थांबेल. आईनं त्याच्याबरोबर मेतकूट आणि जुन्या धोतराच्या स्वच्छ घड्या दिल्या आहेत, इस्पितळात लागतात.

मी येत नाही.

का येत नाही ते लिहायला हवं. शिष्यवृत्ती मंजूर झाली. साहेबांनी हलफनामा मान्य केला, पण कॉलेजकडून हजेरीचा तक्ता मागवला आणि तो एकाहत्तर टक्क्यांवर आला. अर्जापायी जे दिवस मोडले त्यांना नियमात जागा नाही. सक्सेनाबाबूंनी स्वतः वर दोन ओळी लिहिल्या, की मुलगी आमच्याच कचेरीच्या जिन्यावर होती, याचा मी साक्षी आहे. तेव्हा वरून असा हुकूम आला की फेब्रुवारीअखेर पंचाहत्तर भरले तर संपूर्ण वर्षाची रक्कम एकदम मिळेल, न भरले तर मंजुरी रद्द. मी आणि सरांनी बसून हिशेब केला. आता एकही दिवस बुडवून चालत नाही. नाताळनंतर मला ताप होता तेव्हाही मी गेले. मीनानं माझं दप्तर घेतलं होतं.

तार आली तेव्हा मी ती आईसमोर ठेवली. ती म्हणाली, "जायचं असेल तर जा. मी अडवणार नाही. पालक म्हणून सही माझी आहे, पण वर्ष तुझं आहे आणि बापही तुझाच आहे."

मी म्हटलं, "माझ्या जागी तू असतीस तर काय केलं असतंस?"

ती म्हणाली, "मला नको विचारू. मी रागावलेली बाई आहे, माझा सल्ला सरळ नसेल."

आईनं मला आजवर इतकं खरं कधी सांगितलं नव्हतं. मला वाटत होतं, ती रागावतच नाही.

काल दिवसभर मी वर्गात होते. हजेरीला "यस सर" म्हटलं आणि पुढे सरांनी काय शिकवलं ते माझ्या डोक्यात शिरलं नाही. भाऊ, मी तुमच्याशी कागदावरसुद्धा खोटं वागले नाही, म्हणून हेही लिहिते. हजेरीचं कारण खरं आहे. पण ते पुरतं नाही. हजेरी पूर्ण असती तर मी आले असते का, हे मला सांगता येत नाही. कधी वाटतं, धावत आले असते. कधी वाटतं, दुसरा एखादा नियम शोधला असता. तुमच्या खाटेशी कोण बसलेलं असेल आणि मी त्यांना काय म्हणून हाक मारायची, हेही मला कळत नाही.

ऑपरेशन नीट होईल. मामाला मी सांगितलं आहे, डॉक्टर काय म्हणतात ते शब्दाला शब्द लिहून पाठव. तुम्हाला लिहिता येईल तेव्हा तुम्हीही लिहा. या वेळी दाखला नको, ओळ नको. बरे आहात एवढं लिहा.

काल कॉलेजातून घरी न येता मी स्टेशनवर गेले होते. शनिवारी प्रॅक्टिकल संपवून निघालं, खांडव्याला गाडी बदलली, तुम्हाला तासभर पाहिलं आणि मिळेल त्या गाडीनं परत फिरलं, तरी सोमवारी पहिल्या तासाला पोचता येत नाही. खिडकीवरच्या बाबूंना मी पुन्हा पुन्हा विचारलं. त्यांनी आधी इंदूरवरून जुळवून पाहिलं, मग भोपाळवरूनही पाहिलं. जुळलं नाही.

येणार नव्हते तर गेले कशाला, असं मामानं विचारलं. मी वेळापत्रक पाहिलं होतं, एवढं तुम्हाला माहीत असावं.

जयू